श्रीलंकेला निघताना आधी महिना बघा, मग किनारा

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत श्रीलंकेच्या सहलींच्या जाहिराती दाटीवाटीने येतात. समुद्र, हत्ती, चहाचे मळे, पाच रात्री सहा दिवस, वर अशोकवाटिकेचं दर्शन. पंचवटीच्या गावात लंकेची सहल विकायला फार शब्द खर्च करावे लागत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण यातल्या बऱ्याच जाहिरातींमध्ये मे महिन्यात बेंटोटा, दिवाळीत बेंटोटा आणि नाताळातही बेंटोटाच असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात बेंटोटाला समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावर लाल बावटा लागतो. त्याच आठवड्यात बेटाच्या दुसऱ्या अंगाला, त्रिंकोमालीजवळच्या उप्पुवेलीत, पाणी गंगापूर धरणासारखं निवांत असतं. पैसे दोन्हीकडे सारखेच मोजावे लागतात. फक्त कुठला किनारा धरायचा एवढंच कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यासारखे जेमतेम चार जिल्हे. एवढ्याशा बेटावर दोन वेगवेगळे पावसाळे आहेत, कारण मधोमध डोंगर उभा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम व दक्षिण किनारा आणि डोंगराची पश्चिम उतरण भिजवतात. ईशान्येचे वारे डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्व किनारा, उत्तर भाग आणि डोंगराची पूर्व उतरण भिजवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हींच्या मधला काळ येतो, तेव्हा दुपारनंतर बेटावर कुठेही पाऊस होतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात. नाशिककरांना हे नकाशाशिवाय कळावं. इगतपुरीला आठवडाभर धो-धो चाललेलं असतं आणि तासाभराच्या अंतरावर सिन्नरला टँकरची वाट बघतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की तिथे इगतपुरी आणि सिन्नर वर्षातून एकदा आपसात जागा बदलतात.

एकदा हे डोक्यात बसलं की आपल्या सुट्ट्यांचा हिशेब सोपा होतो. मे ते ऑगस्ट: पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा. डिसेंबरअखेर ते मार्च: दक्षिण किनारा, म्हणजे उनावटुना, मिरिस्सा, तंगल्ले. डोंगराचंही तसंच, आणि ही गोष्ट तर जाणकारही विसरतात. मे-जूनमध्ये नुवारा एलिया आणि हॅटन धुक्यापावसात असतात, तेव्हा पूर्व उतरणीवरचं एल्ला, बंडारवेला, हापुतले बऱ्यापैकी कोरडं असतं. नाताळात नेमकं उलट होतं. तेव्हा एल्ला-बदुल्लाच्या बाजूला पाऊस असतो. एल्लाजवळच्या नाइन आर्च या रेल्वेपुलाच्या फोटोसाठी डिसेंबरात जाऊन दोन दिवस छत्रीखाली काढून परतणारे कमी नाहीत.

दिवाळीचं काय? स्पष्टच लिहायचं तर समुद्र, जंगल आणि डोंगर या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या असतील तर दिवाळी हा सर्वांत कच्चा काळ. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, रेल्वेमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. दरवर्षी असं होत नाही. पण दिवाळीतच जायचं असेल तर सगळे कार्यक्रम पहाटे ते दुपारी बारापर्यंत उरकायचे, दुपार मोकळी ठेवायची आणि समुद्रात पोहायला मिळेल ही अपेक्षा घरीच ठेवायची. ज्यांना शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, निवृत्त मंडळी किंवा नवं जोडपं, त्यांनी फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हाच काळ धरावा. दक्षिण किनारा शांत, डोंगर दोन्ही बाजूंनी उघडा, जंगलातलं पाणी आटत चाललेलं, त्यामुळे जनावर दिसण्याची शक्यता चांगली.

आता दिवस. पाच रात्रींत समुद्र, जंगल आणि डोंगर हे तिन्ही बसत नाही. बसवलं तर सहलीचा निम्मा वेळ गाडीच्या खिडकीतून जातो. बेट लहान दिसतं म्हणून लोक फसतात. कँडी ते नुवारा एलिया हे अंतर ८० किलोमीटरच्या आत आहे, पण अडीच ते तीन तास लागतात. वाटेतल्या रामबोडाची वळणं नांदुरीहून सप्तशृंगीला चढणाऱ्या घाटासारखी आहेत, फक्त ती संपतच नाहीत. डोंगरात ताशी ३० किलोमीटर आणि सपाटीवर ४० ते ४५ हा हिशेब धरावा, मोबाइलवरचा नकाशा जी वेळ सांगेल तिच्यात तिसरा हिस्सा मिळवावा. किमान आठ रात्री हव्यात, दहा असतील तर उत्तम. मुक्कामाची ठिकाणं पाचच्या वर नकोत. रोज सकाळी बॅगा बांधणं ही सहल नसते, बदली असते.

फेब्रुवारी-मार्चचा दहा रात्रींचा फेरा असा बसतो: कटुनायके विमानतळावरून कोलंबोत न शिरता सरळ सिगिरिया-हाबरनाकडे, साधारण चार तास, तिथे दोन रात्री. मग कँडी दोन, एल्ला दोन, जंगलासाठी तिस्समहारामा किंवा उदावलवे एक, आणि शेवटी दक्षिण किनाऱ्यावर तीन. समुद्र शेवटी ठेवण्याचं कारण आहे. दक्षिणेकडून विमानतळापर्यंत आता द्रुतगती मार्ग सलग आहे, तो कोलंबोच्या गर्दीला वळसा घालून जातो, म्हणून परतीच्या दिवशी अडकण्याची भीती कमी. उलट फेरा घेतला तर शेवटच्या दिवशी सिगिरियाहून दुपदरी रस्त्याने कुरुणेगलामार्गे यावं लागतं आणि एखाद्या मिरवणुकीने दोन तास गिळले की विमान हुकतं. तसंही शेवटची रात्र नेगोंबोत ठेवली तर बिघडत नाही. विमानतळ तिथून दहा किलोमीटरवर आहे. मुंबईहून येणारं विमान मध्यरात्रीनंतर उतरत असेल तर पहिली रात्रही तिथेच काढावी. हाबरनाच्या रस्त्यांवर रात्री रानहत्ती उभे असतात, बुत्तल-कतरगाम रस्त्यावरही तसंच. अंधार पडल्यावर या भागात गाडी हाकू नये.

मे ते ऑगस्टचा फेरा वेगळा. हाबरना तीन रात्री, पासिकुडा किंवा त्रिंकोमाली तीन, कँडी एक, एल्ला दोन, आणि परतताना उदावलवे एक. त्रिंकोमालीहून थेट एल्ला गाठायच्या फंदात पडू नये, पूर्ण दिवस जातो. मध्ये कँडी येते ती याचसाठी. नाताळात सिगिरियाचा भाग वगळला तरी चालेल. ईशान्येच्या पावसाने तिथले तलाव भरलेले असतात आणि हत्ती पांगलेले असतात. तेव्हा कँडी दोन, नुवारा एलिया दोन, उदावलवे एक, दक्षिण किनारा तीन, एवढं पुरे. नुवारा एलियाहून उदावलवेला उतरायला चार तास धरा.

समुद्राबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आपल्याकडची बहुतेक मंडळी पोहायला शिकतात ती तरणतलावात. समुद्राचं पाणी ओढतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. किनाऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघावं. लाटा सगळीकडे फुटून पांढरा फेस करतात, पण मध्येच एक पट्टा असा दिसतो की तिथे लाट फुटत नाही, पाणी गडद आणि सपाट वाटतं, कधी गढूळ वाळू आत वाहत जाताना दिसते. नवख्याला तोच पट्टा शांत वाटतो आणि तो तिथेच उतरतो. ती परतीच्या पाण्याची वाट असते. सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका, दमाल आणि बुडाल. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, नाहीतर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटाच आत आणून सोडतात. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरूच नये. उथळ पाण्यासाठी पूर्वेला पासिकुडाला तोड नाही, कमरेएवढ्या पाण्यात बरंच आतपर्यंत चालत जाता येतं. दक्षिणेला मात्तराजवळचं पोल्हेना पाण्यातल्या खडकांच्या आडोशामुळे मुलांना बरं. मिरिस्सा देखणं आहे, पण ओढ आहे.

निलावेलीसमोरच्या पिजन बेटावर प्रवाळ बघायला होड्या जातात. तिथे प्रवाळावर पाय टेकवू नये, आणि पायात काहीतरी असल्याशिवाय उतरूही नये, कारण पायाखाली तुटक्या प्रवाळाची धार असते. देवमासे बघायचे तर मिरिस्साहून नोव्हेंबर ते एप्रिल आणि त्रिंकोमालीहून मे ते ऑगस्टच्या सुमारास. दक्षिण टोकाला दोंद्राजवळ समुद्राचा उथळ तळ लवकर संपतो आणि खोल पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ येतं, म्हणून निळा देवमासा तिथे होडीच्या टप्प्यात सापडतो. होडी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते, तीन ते पाच तास लागतात. मळमळीची गोळी होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यायची, पोटात कोरडं बिस्किट हवं, आणि जागा मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर धरायची. वरच्या मजल्यावरून दृश्य चांगलं दिसतं, पण हेलकावा दुप्पट बसतो.

जंगल. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या दिसतो आणि आपण तो बघायला परदेशात का जायचं, असं कुणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. फरक असा की श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही. जंगलात त्याच्या वरचढ कुणी नसल्यामुळे तिथला बिबट्या दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला सापडतो. याला नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा पहिला विभाग त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि गर्दीसाठीही तितकाच. एका जीपला बिबट्या दिसला की फोन जातात, वीस-पंचवीस जीपा धूळ उडवत तिथे येतात आणि जनावर निघून जातं. चालकाला निघण्यापूर्वीच सांगावं: बिबट्या नाही दिसला तरी चालेल, पळवू नका, एका तळ्याकाठी अर्धा तास इंजिन बंद करून थांबा. असं सांगितल्यावर चालकही सैल होतो, कारण त्याच्यावरचा बक्षिसीचा ताण जातो. तळ्याकाठी मगर, रानडुकरं, हरणांचा कळप, घार, सगळं आपसूक येतं. मे-जूनच्या सुमारास यालात पलू नावाच्या झाडाला फळं पिकतात. ती म्हणजे आपली खिरणी, रायण. त्या पिवळ्या गोड फळासाठी अस्वलं झाडावर चढतात, आणि एरवी न दिसणारं अस्वल त्या दिवसांत फांदीवर बसलेलं बघायला मिळतं. जे लोक फक्त बिबट्याचं विचारतात त्यांना हे दाखवायचं चालकाच्याही मनात येत नाही. आणखी एक: याला उद्यान सप्टेंबरच्या सुमारास पाण्याच्या टंचाईमुळे काही आठवडे बंद ठेवतात. त्या काळात जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

हत्तींसाठी मात्र कुणी यालाचा हट्ट धरू नये. उदावलवेत ते बारमाही दिसतात. आणि जुलै ते ऑक्टोबर, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हाबरनाजवळ मिन्नेरियाला जे होतं ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला हा तलाव आटत जातो, तळाशी कोवळं गवत उगवतं आणि आसपासच्या जंगलातले कळप संध्याकाळी तिथे उतरतात. पाणी कमी झालं की गवत उघडं पडतं, वरून जास्त पाणी सोडलं तर गवत बुडतं आणि हत्ती शेजारच्या कौदुल्ल किंवा हुरुलूच्या जंगलाकडे सरकतात. म्हणून जीपवाल्याला दुपारी दोन वाजता विचारायचं, आज हत्ती कुठे आहेत. आगाऊ फक्त मिन्नेरियाचंच तिकीट बांधून घेणं चूक. तिथल्या नरांमध्ये सुळे असलेले फार थोडे, तेव्हा सुळेवाला हत्ती दिसला नाही म्हणून खट्टू होऊ नये.

जीप ठरवताना पुढच्या गोष्टी तोंडी न ठेवता लिहून घ्याव्यात: जीप आपली एकट्याची की वाटून, किती तास, प्रवेशशुल्क त्यात धरलं आहे का. जीपचं भाडं आणि उद्यानाचं शुल्क हे दोन वेगळे खर्च आहेत, शुल्कावर सेवाआकार, वाहनाचं शुल्क आणि कर वेगळा चढतो. प्रवेशद्वारापाशी होणारी बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. सार्क देशांच्या नागरिकांना अनेक ठिकाणी इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी दर असतो, तो पासपोर्ट दाखवल्याशिवाय मिळत नाही आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिलेला असतो. पहाटेच्या फेरीला पाचच्या आत निघावं, सहाला दार उघडतं तेव्हा रांगेत पुढे असलेलं बरं. तीन-चार तास उतरायला मिळत नाही, तेव्हा चहा जपून प्यावा, ज्येष्ठांनी विशेषतः. लाल धूळ केसांत, कॅमेऱ्यात, कानात जाते. एक ओला रुमाल आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी न्यावी. उदावलवेच्या रस्त्याकडेला कुंपणापाशी हत्ती सोंड पुढे करून उभे असतात, लोक गाडी थांबवून केळी देतात. देऊ नये. त्या सवयीने हत्ती रस्त्यावर येतात, गाड्या अडवतात आणि शेवटी माणूस तरी मरतो किंवा हत्ती. हत्तीवर बसण्याच्या फेऱ्याही टाळाव्यात. उदावलवेलाच अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्र आहे, १९९५ पासूनचं. ठरलेल्या वेळी दूध पाजतात ते लांबून बघता येतं, पिल्लं मोठी झाली की जंगलात सोडतात, म्हणून हात लावू देत नाहीत.

ज्यांना पक्ष्यांची आवड आहे त्यांनी तिस्समहारामाहून एक सकाळ बुंदलासाठी राखावी. आपलं नांदूर-मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; बुंदला हे श्रीलंकेतलं पहिलं. दोन्हीकडे धरण-कालव्यांच्या पाण्याने पाणथळीचं रूप बदललं, ही तुलना तिथे उभं राहून जास्त नीट समजते. बुंदलाच्या खाऱ्या खाजणात कालव्यांचं गोडं पाणी शिरलं आणि तिथले रोहित पक्षी कमी झाले.

डोंगराकडे वळताना एक आकडा लक्षात ठेवा. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, आणि नुवारा एलिया हे नुसतं गाव १८६८ मीटरवर आहे. जानेवारीत रात्री निफाडची थंडी समजून चला. समुद्राच्या सहलीच्या नावाखाली लोक स्वेटर नेत नाहीत आणि तिथल्या बाजारात भलत्या किमतीला घेतात. हॉर्टन प्लेन्स या पठारावरच्या उद्यानात जायचं तर पहाटे पाचला नुवारा एलिया सोडायचं, तासा-सव्वातासात प्रवेशद्वार येतं. तिथे बॅगा उघडून बघतात आणि पॉलिथिनच्या पिशव्या काढून घेतात, म्हणून डबा स्टीलचा न्यावा. चालण्याचा फेरा साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आहे, तीन-साडेतीन तास लागतात. वर्ल्ड्स एंडचा कडा नऊच्या आत गाठावा. नंतर खालच्या दरीतून ढग वर येतात आणि समोर पांढरा पडदा उरतो. त्या पडद्यासमोर उभे राहून पैसे वाया गेले म्हणणारे बहुधा साडेदहाला पोचलेले असतात. सिंहराजाच्या सदाहरित जंगलात जाणाऱ्यांनी जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे न्यावेत. जळू ओढून काढू नये. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवावं, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नये.

रेल्वेचं आरक्षण हा स्वतंत्र त्रास आहे. कँडी ते एल्ला हा सहा-सात तासांचा प्रवास, आणि राखीव जागा प्रवासाच्या ३० दिवस आधी खुल्या होतात त्या काही मिनिटांत जातात. मग दलाल त्याच जागा कितीतरी पटीने विकतात. त्यांच्या नादी लागण्यापेक्षा नुवारा एलियाजवळच्या नानुओया स्थानकापासून एल्ला एवढाच टप्पा घ्यावा, देखावा तिथेही तोच आहे. पट्टिपोला हे १८९७ मीटरच्या आसपासचं सर्वांत उंच स्थानक याच टप्प्यात येतं. बिनराखीव दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. दित्वानंतर मार्गाची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चाललेली असल्यामुळे आपला टप्पा चालू आहे का, हे तारीख ठरवण्यापूर्वी बघावं. मोठ्या बॅगा गाडीबरोबर रस्त्याने पुढे पाठवाव्यात, स्थानकावर चालक घ्यायला येतो. दारात लोंबकळून फोटो काढण्याचं वेड आपल्या लोकांनाही लागलं आहे. बोगद्याची भिंत आणि डब्याचं दार यांत हातभराचंही अंतर नसतं.

गाडीबद्दल: चार ते सहा माणसांना तिथे ज्या व्हॅनला सगळे केडीएच म्हणतात ती पुरते. सहा माणसं आणि सहा मोठ्या बॅगा मात्र मावत नाहीत. चालकाच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय कुणी करायची ते आधी विचारावं. काही हॉटेलांत चालकांसाठी खोली असते, काहींत नसते आणि तो बिचारा गाडीत झोपतो. रात्रभर गाडीत झोपलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी एल्लाहून खाली जाणारा वेल्लवायचा उतार देणं बरं नव्हे.

शाकाहारींसाठी एक सूचना, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. भात आणि पाच-सहा भाज्या असं तिथलं ताट बघून सगळं शाकाहारी वाटतं. पण नारळाच्या चटणीत आणि पुष्कळ भाज्यांत उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, आपल्याकडे सुकटाची पूड टाकावी तसा. "शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही, कारण तो चुरा त्यांच्या लेखी मसाला आहे. "मस मालु एपा, उंबलकड एपा" असं नाव घेऊन सांगावं: मांस नको, मासा नको, चुरा नको. तमिळ भागात सैव, म्हणजे शुद्ध शाकाहारी, खाणावळी शोधाव्यात, तिथे प्रश्नच उरत नाही. तिस्समहारामाच्या रस्त्याला मातीच्या भांड्यात म्हशीचं दही विकायला असतं, त्यावर भेरली माडाच्या गोड रसाचा पाक घालतात. दही विरजण्यात आपण मागे नाही, पण हे चाखून बघावंच.

पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूविक्री बंद, मांसाची दुकानं बंद आणि उद्यानं व देवळं स्थानिक लोकांनी भरलेली. सहलीच्या तारखांत पोया कुठे येते ते पंचांगात बघून त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नये. १३-१४ एप्रिलला त्यांचं नववर्ष, तेव्हा दुकानं बंद आणि नुवारा एलिया तुडुंब. देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर, आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. हे तिथे खरोखर मनावर घेतात.

सिगिरियाला सुमारे १२०० पायऱ्या आहेत. पांडवलेण्यांपर्यंत चढताना ज्यांना दोनदा बसावं लागतं त्यांनी सिंहाच्या पंजांपर्यंत जाऊन थांबावं, मुख्य भित्तिचित्रं आणि बाग खालीच आहे. सकाळी सातच्या आत चढायला लागावं. वरच्या कड्याला आग्या मधमाश्यांची पोळी आहेत, तिथे आरडाओरडा नको.

कागदपत्रं: पासपोर्ट तिथे उतरण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी श्रीलंकेच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावी. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचं शुल्क उकळतात. शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचं ऐकू नये. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण तीन ते साडेतीन रुपये मिळतात, त्यामुळे दुकानातला आकडा बघून छातीत धस्स होऊ देऊ नये. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालतं, पण ते मोठ्या दुकानांत. जीपवाला, शहाळंवाला आणि स्थानक यांना रोख लागते. रुग्णवाहिकेसाठी १९९०, पोलिसांसाठी ११९. १९९० ही सेवा मोफत आहे, २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झाली. मलेरिया तिथून २०१६ मध्ये हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, डेंग्यू मात्र आहे. मच्छर पळवायचं मलम फक्त संध्याकाळी नाही, दिवसाही लावायचं.

आणि नाशिकहून मुंबई विमानतळ. समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून आमणेपर्यंत झपकन जाता येतं, तिथून पुढे भिवंडी आणि ठाण्याचं जे व्हायचं ते होतंच. उड्डाणाच्या तीन तास आधी पोचायचं तर घरातून आठ तास आधी निघावं. कसाऱ्यात ट्रक आडवा झाला तरी हा हिशेब टिकतो.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सहल विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. आमच्या तारखांना या किनाऱ्यावर पोहता येतं का? जीप आणि उद्यानाचं शुल्क दोन्ही धरलं आहे का? रेल्वेचं तिकीट राखीव आहे की "शक्य झाल्यास"? टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या रकमेवर विक्रेता आगाऊ कापून घेतो तो कर, किमतीत आहे की वर? हा टीसीएस आयकर विवरणपत्रात आपल्या नावावर जमा दिसतो, म्हणून पॅन ज्याचा त्याचाच द्यावा, सगळ्या कुटुंबाची रक्कम एकाच्या नावावर टाकायची की नाही ते आधी ठरवावं.

संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणी आहे. पर्यटन पुरवणीत श्रीलंकेवरचा मजकूर छापताना प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे कंसात महिने छापावेत: मिरिस्सा (डिसेंबर ते मार्च), निलावेली (मे ते सप्टेंबर), एवढंच. जाहिरातदारांनाही तेच सांगता आलं तर पाहावं. जागा दोन ओळींची लागेल.

आपले,
सहलींची आखणी करणारे काही वाचक,
गंगापूर रोड, नाशिक